सर्वांत म्हातारा आणि सर्वसाधारण

डायनासोर साधारण किती वर्षं जगायचे, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने विचारावा असाच आहे. वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा आणि डोंगरगावच्या शिवारात सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या डायनासोरांची हाडं निघाली. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी पिसदुऱ्याच्या जीवाश्मांकडे लक्ष वेधलं आणि १८७९ साली रिचर्ड लायडेकर यांनी तिथल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरसची एक जात नोंदवली. दक्षिणेला, सिरोंचाच्या परिसरात प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातले कोटा थर आहेत. बारापासॉरस हा डायनासोर याच थरांतला आणि तो सतरा कोटींहून अधिक वर्षं जुना. याच दोन जिल्ह्यांत वाघाचं, हत्तीचं, सागाचं वय सांगणं हा कित्येकांच्या नोकरीचा भाग आहे. त्यामुळे इथे या प्रश्नाला दोन बाजूंनी उत्तर मिळतं. एक बाजू जंगल पाहून बोलते, दुसरी हाड कापून. पहिली मी एका निवृत्त वनपालाच्या तोंडी घातली आहे, दुसरी भूशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या. दोघंही कुणी ठरावीक व्यक्ती नाहीत, ती दोन मतं आहेत. माझा कल प्राध्यापिकेकडे आहे हे आधीच सांगतो. पण वनपालाचे आक्षेप मी सोपे करून घेतलेले नाहीत, कारण ते मुळात सोपे नाहीत.

वनपाल : मॅडम, माझं म्हणणं सरळ आहे. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, चितळ दहा-बारा, वाघ पंधराच्या आसपास, हत्ती साठ-सत्तर. अंग वाढलं की आयुष्य वाढतं, हे जंगलात राहणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे कमलापूरला हत्ती कॅम्प आहे आणि २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळपही गडचिरोलीत आला. हत्तीची पिढी किती सावकाश सरकते ते आम्ही पाहतो. आता तुमचा डोंगरगावचा डायनासोर घ्या, हत्तीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा. शिवाय तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गोतावळ्यातला, आणि त्या गोतावळ्यातलं कासव तर शंभरी गाठतं. त्यात दातांची गोष्ट आहे. हत्तीला दाढांचे सहाच संच मिळतात. शेवटचा झिजला की चारा चावता येत नाही आणि म्हातारा हत्ती उपासमारीने खंगतो. डायनासोरला मात्र जन्मभर नवे दात येत राहायचे, असं तुमच्याच पुस्तकांत आहे. म्हणजे हत्ती ज्या कारणाने मरतो ते कारणच त्याला लागू नाही. अंग हत्तीहून मोठं, स्वभाव कासवाचा आणि दात कधी न संपणारे. मग दीडशे वर्षं म्हणायला अडचण कुठे आहे?

प्राध्यापिका : काकाजी, तुम्ही म्हणता तसंच गणित १९७०च्या दशकात शास्त्रज्ञही मांडत होते. मगरीच्या वाढीचा वेग धरायचा, डायनासोरचं वजन धरायचं आणि भागाकार करायचा. मोठ्या सॉरोपॉडसाठी, म्हणजे लांब मानेच्या डायनासोरासाठी, उत्तर शंभरीच्या घरात यायचं. या हिशेबात वाढीचा वेग आधीच गृहीत धरलेला होता, आणि घोळ तिथेच होता. हत्तीचं पिल्लू जन्मतः शंभर किलोच्या आसपास असतं. ते चार टनांचं होतं म्हणजे चाळीसपट वाढतं. डोंगरगावचा डायनासोर ज्या गटातला, त्या टायटॅनोसॉरचं अंडं केवढं होतं? मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात त्यांची ९२ घरटी नोंदवली गेली, त्यांतली अंडी १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची आहेत. मादागास्करमध्ये रॅपेटोसॉरस नावाच्या टायटॅनोसॉरचं पिल्लू सापडलं. तेव्हा मादागास्करला आपल्या भूखंडापासून तुटून, भूशास्त्राच्या हिशेबात, फार काळ झालेला नव्हता, म्हणजे हा आपल्या डायनासोरांचा जवळचा नातलग. २०१६ साली त्याच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मतः वजन साडेतीन किलोच्या आसपास, मरताना सुमारे चाळीस किलो, आणि वय एक ते अडीच महिने. एवढ्याशा काळात दहापटीहून जास्त वाढ! मगरीचं पिल्लू असं वाढत नाही. साडेतीन किलोपासून दहा टनांपर्यंत जायचं म्हणजे तीन हजारपट वाढायचं, आणि ते कासवाच्या चालीने होत नाही. हे अंग फार वर्षं जगून मोठं झालेलं नाही, ते भराभर वाढून मोठं झालं.

वनपाल : भराभर वाढलं हे मान्य. पण भराभर वाढणारा लवकर मरतो हे कुठून आलं? देवमासाही भराभर वाढतो आणि पुढे कितीतरी वर्षं जगतो. वाढ थांबल्यावर तुमचा डायनासोर शंभर वर्षं नुसता चरत राहिला असेल. ते तुम्हाला कसं कळणार?

प्राध्यापिका : वाढीच्या वेगावरून नाही कळणार, तुमचं बरोबर आहे. तसंच दातांवरूनही नाही कळत. नवे दात येत राहणं म्हणजे मरणाचं एक कारण कमी झालं एवढंच. डिप्लोडोकसचा दात महिना-सव्वा महिन्यातच बदलायचा, हे दातातल्या रोजच्या थरांवरून मोजलेलं आहे. पण जबड्याचा हा हिशेब गुडघ्याला, हृदयाला किंवा आजाराला लागू होत नाही. वय कळतं ते हाडाच्या आतून. तुम्ही आलापल्लीच्या डेपोत सागाच्या ओंडक्याचं तोंड पाहून वर्तुळं मोजता, तसंच हे आहे. हाडाचा आडवा तुकडा काढतात, राळेत बसवतात आणि घासत घासत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ करतात, इतका की त्यातून प्रकाश आरपार जावा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांच्या पोकळ्यांचं दाट जाळं दिसतं, म्हणजे तो काळ वाढीचा. मध्येच एक बारीक गडद रेघ हाडाभोवती फिरलेली असते. तिथे वाढ काही काळ थांबली होती. वर्षातल्या वाईट ऋतूत अशी एक रेघ पडते. आणि जनावर पुरतं वाढलं की अगदी कडेला या रेघा एकमेकींना चिकटून येतात, त्यांच्यामध्ये नवं हाड जवळजवळ नसतंच. तुम्ही म्हणता तसा तो वाढ थांबल्यावर शंभर वर्षं चरत राहिला असता, तर कडेला अशा चिकटलेल्या रेघांची दाटी दिसायला हवी होती. तपासलेल्या हाडांत ती दाटी एक तर सापडत नाही, किंवा सापडली तर थोड्याच रेघांची असते.

इथे वनपाल ज्या शंका काढतो त्या हाडांच्या अभ्यासकांनी स्वतःही काढल्या आहेत. सागाचं वय मोजणाऱ्याला त्या आपोआप सुचतात, म्हणून त्या त्याच्याच शब्दांत येऊ देतो.

वनपाल : साग पोकळ निघतो, मॅडम. गाभा कुजून गेलेला असला की आतली वर्तुळं गेली, बाहेरची उरली. तुमचं हाड तर जन्मतःच पोकळ. मज्जेची पोकळी वाढत जाते आणि बालपणाच्या रेघा खाऊन टाकते. दुसरं असं की सागावर पानं खाणारी अळी पडली, झाडाचा खराटा झाला आणि पुन्हा पालवी फुटली, तर एका वर्षात दोन वर्तुळं दिसतात. दुष्काळातही असंच होतं. नवखा माणूस ती दोन वर्षं धरतो. मग तुमच्या रेघा वर्षाला एक याच हिशेबाने पडल्या, याला साक्षीदार कोण? आणि तिसरं, तुम्हीच वर्गात शिकवता की लांब मानेच्या डायनासोरांच्या मांडीच्या हाडात या रेघा बहुतेक दिसतच नाहीत. मग त्यांचं वय आलं कुठून?

प्राध्यापिका : पोकळीपासून सुरू करते. एकाच जातीची लहान-मोठी अनेक हाडं हाताशी असतील, तर लहान जनावराच्या हाडातल्या रेघा मोठ्याच्या पोकळीवर बसवून बघता येतात आणि मिटलेली वर्षं भरून काढता येतात. हे काम एकट्या हाडाने होत नाही, हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे. दुहेरी रेघांचं म्हणाल, तर ज्यांचं वय ठाऊक आहे अशा मगरींच्या हाडांवर ही रीत पडताळलेली आहे. पूर्वी लोक म्हणायचे की अशा रेघा थंड रक्ताच्या प्राण्यांनाच पडतात. २०१२ साली माइके कोहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या रानटी रवंथ करणाऱ्या प्राण्यांची हाडं तपासली, त्या उष्ण रक्ताच्या सस्तनांतही वर्षाची रेघ निघाली. खोटी रेघ ओळखायच्याही खुणा आहेत. ती बहुधा हाडाभोवती पूर्ण फिरत नाही, आणि एकाच सांगाड्याच्या दुसऱ्या हाडांत तिची जोडीदारीण सापडत नाही. चूक शून्य होत नाही, पाच-सात वर्षं इकडेतिकडे होतात. पण तिशीची दीडशे होत नाहीत. आणि लांब मानेच्या डायनासोरांची मांडी गप्प असते हे खरंच आहे. ती इतक्या वेगाने वाढायची की रेघ पडायला उसंतच नाही. त्यांची बरगडी मात्र बोलते. ती सावकाश वाढते आणि मणक्याला जोडलेल्या टोकाजवळ जुन्या रेघा टिकवून ठेवते. २०१४ मध्ये कॅमारासॉरसच्या बरगड्यांवरून वय काढलं गेलं. विशीच्या सुमाराला तो प्रजननाला तयार व्हायचा, चाळिशीपर्यंत वाढ पुरी व्हायची, आणि तपासलेली जनावरं चाळिशी-पंचेचाळिशीच्या आसपास मेलेली होती. काही अभ्यासकांनी अ‍ॅपॅटोसॉरसची वाढ पुरी व्हायला सत्तर वर्षं लागत असतील असंही मांडलं आहे. तेव्हा आकडा तुम्ही सत्तरीपर्यंत नेलात तर मी भांडणार नाही. दीडशेला मात्र पुरावा नाही.

वनपाल : आणि तो जगप्रसिद्ध टायरॅनोसॉरस?

प्राध्यापिका : शिकागोच्या संग्रहालयात ‘सू’ नावाचा मोठा सांगाडा आहे. २००४ साली त्याचं वय २८ वर्षं काढलं गेलं. चौदा ते अठरा या वयात ही जात दिवसाला जवळपास दोन किलो वजन घालत होती. छोट्या सिटॅकोसॉरसला दहा-अकरा वर्षं मिळायची, छोट्या ट्रूडॉनची वाढ तीन ते पाच वर्षांत आटोपायची. तेव्हा ‘डायनासोर’ म्हणून एकच आकडा मागणं म्हणजे ‘सस्तन प्राणी किती जगतो’ असं विचारण्यासारखं आहे. कोटा थरांतला बारापासॉरस आणि वरोऱ्याचा, म्हणजे डोंगरगावचा इसिसॉरस यांच्यामध्येच दहा कोटी वर्षांहून जास्त अंतर आहे. इसिसॉरस आणि आपण यांच्यात तेवढंही नाही.

इथपर्यंतचा वाद वनपाल हरला असं कुणी म्हणेल. माझ्या मते खरा वाद इथून पुढे सुरू होतो. आतापर्यंत दोघंही जास्तीत जास्त वयाबद्दल बोलत होते. विचारलं होतं ते साधारण वय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केवळ डायनासोरांच्या बाबतीतच होते असं नाही. ताडोबाचा वाघ किती जगतो असं विचारलं की लोकांना वाघडोह आठवतो. २०२२ साली तो मेला तेव्हा त्याचं वय सतराच्या आसपास होतं. त्याच जंगलात जे बछडे वर्ष-दोन वर्षांत गेले, त्यांना नावही पडलं नव्हतं. सर्वांत जास्त जगलेल्या जनावराची कीर्ती होते, आणि तेच वय जातीचं वय म्हणून तोंडात बसतं. संग्रहालयांतही तेच घडतं. मोठा, पूर्ण, उभा करता येईल असा सांगाडा लोकांना दिसतो, आणि तसा सांगाडा बहुतेक वेळा पुष्कळ जगलेल्या जनावराचा असतो.

प्राध्यापिका : अमेरिकेत माँटानामध्ये मायासॉरा या शाकाहारी डायनासोराची एकाच ठिकाणी खूप हाडं सापडली. २०१५ मध्ये त्यांतल्या पन्नास नडगीच्या हाडांचं वय मोजलं गेलं. जन्मलेल्या दहांतली नऊच्या आसपास पिल्लं पहिल्याच वर्षी मेली, असा हिशेब निघाला. पुढची सहा-सात वर्षं मरण कमी, आणि पूर्ण वाढ झाल्यावर पुन्हा जास्त. आता सांगा काकाजी, मायासॉरा साधारण किती जगायचा? निम्म्याहून जास्त पिल्लांनी दुसरा पावसाळा पाहिलाच नाही. आणि आपल्याकडचा पुरावाही याच दिशेचा आहे. गुजरातमध्ये धोली डुंगरीला टायटॅनोसॉरच्या घरट्यात अंडी, नुकतं बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू आणि त्याच्याजवळ वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, असं सगळं एका दगडात सापडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांनी तो दगड शोधला, २०१० साली त्या सापाला सनाजे हे नाव मिळालं. पिसदुऱ्यालाही मोठ्या सापाचे मणके मिळाले आहेत, त्या जातीच्या नावातच पिसदुरा आहे. दहा-पंधरा टनांच्या जनावराला साप काय करणार? पण ते जनावर आधी साडेतीन किलोचं होतं.

वनपाल : इथे मी तुम्हाला दोन ठिकाणी अडवतो. एक म्हणजे, मायासॉराची ती हाडं एकाच जागची. वणव्यात, पुरात किंवा साथीत कळपच्या कळप मेला असेल तर त्या मरणावरून रोजच्या मरणाचा हिशेब कसा करता? आणि कोवळी हाडं कुजतात, कोल्हे खातात, पाण्याने वाहून जातात. पिल्लांची हाडं टिकतच नसतील तर त्यांचे मृत्यू मोजणार कसे? दुसरी हरकत याहून मोठी आहे. आम्ही ‘वाघ पंधरा वर्षं जगतो’ म्हणतो तेव्हा बछडे धरतच नाही. मेलेलं पिल्लू ते पिल्लू. वाढून मोठं झालेलं जनावर किती जगतं, हेच माणसाला विचारायचं असतं. तुम्ही पिल्लांचं मरण मध्ये घालून आकडा खाली ओढता आणि त्याला ‘साधारण’ म्हणता, हे मला पटत नाही.

प्राध्यापिका : पहिल्या हरकतीतलं अर्धं मी घेते. एका जागेवरून सगळ्या डायनासोरांचा नियम बसवू नये. पण पिल्लांचं मरण मोजायला पिल्लांची हाडं असलीच पाहिजेत असं नाही. अंडी पुरतात. धारच्या घरट्यांत एकापासून वीसपर्यंत अंडी आहेत. मादी समजा वर्षाला दहाच अंडी घालत होती आणि दहाच वर्षं घालत होती. शंभर अंडी झाली. त्यांतली सगळी जगली असती तर काही पिढ्यांत जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नसती. जात हजारो वर्षं थोडीफार स्थिर राहिली, याचा अर्थ शंभरांतली सरासरी दोनच पुढच्या पिढीची आई-बाप झाली. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांची हाडं मला सापडोत किंवा न सापडोत, ती मेली हे नक्की.

याच हिशेबाने तुमच्या दीडशे वर्षांचंही उत्तर मिळतं. हजार पिल्लं घ्या. पहिल्या वर्षानंतर शंभर उरली असं धरा, आणि पुढे दर वर्षी दहांतलं एक जातं असं धरा. म्हातारपण, साथ, दुष्काळ, भक्षक सगळं धरून हा दर काही कडक नाही. विसाव्या वर्षी तेरा-चौदा उरतात. मगरीच्या वेगाने वाढून साठाव्या वर्षी पहिलं अंडं घालायचं असेल, तर तिथपर्यंत पाच हजार पिल्लांमागे एखादं पोचतं. अशी जात टिकूच शकत नाही. मोठं व्हायचं असेल तर लवकर मोठं व्हावं लागतं, कारण वाट पाहत बसणारा मध्येच मरतो. हाडातली दाट रक्तवाहिन्यांची जाळी आणि हे गणित एकमेकांपासून वेगळ्या वाटांनी निघाले आणि एकाच जागी आले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

दुसऱ्या हरकतीचं उत्तर मी स्वतः देऊ पाहतो, कारण ती हरकत शास्त्राची कमी आणि मोजण्यामागच्या हेतूची जास्त आहे. वनपाल म्हणतो तसा प्रौढाचा आकडा वेगळा सांगायला काहीच हरकत नाही, तो सांगावाच. पण पिल्लं हिशेबातून वगळली की जातीचं आयुष्य कळतच नाही. हे गडचिरोलीला तरी नव्याने सांगायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने याच जिल्ह्यात गावोगाव नवजात बाळांचे मृत्यू नोंदवायला सुरुवात केली, घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि तिच्यामुळे नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याआधी त्या मृत्यूंची धड मोजदादही नव्हती. शंभर वर्षांपूर्वी भारतातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं, तेव्हाही गावात सत्तरीचे म्हातारे होतेच. आयुर्मान पुढे चढलं त्यात लहान मुलं जगू लागल्याचा वाटा फार मोठा आहे. माणसाची आणि जनावराची बरोबरी मला करायची नाही, दुःखाच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण हिशेबाची रीत तीच लागते. जे लवकर गेले त्यांना सोडून काढलेलं ‘साधारण’ खरं नसतं. वर प्राध्यापिकेने धरलेल्या दरांनी पाहिलं, तर जन्मलेल्या दर पिल्लाच्या वाट्याला सरासरी दीड वर्षाच्या आसपास आयुष्य येतं, पहिलं वर्ष पार केलेल्याला पुढे सरासरी नऊ-दहा वर्षं मिळतात, आणि चाळिशी एखाद्यालाच. हे तिन्ही आकडे एकाच जातीचे आणि तिन्ही खरे. लोकांपर्यंत मात्र शेवटचाच पोचतो.

वनपाल : मग पिसदुऱ्याला निघालेल्या डायनासोरांच्या दगड झालेल्या लेंड्यांचा यात काय उपयोग? त्या तर पोत्याने सापडायच्या म्हणतात.

प्राध्यापिका : वयाला उपयोग नाही, आहाराला प्रचंड आहे. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली त्या लेंड्यांतून गवतातले सिलिकाचे सूक्ष्म कण काढले. तोवर डायनासोरांच्या काळात गवत होतं हे कुणी धड मानत नव्हतं. पुढे २०११ मध्ये भाताच्या कुळातल्या गवताचे पुरावेही लामेटा थरांतल्या, म्हणजे पिसदुरा-डोंगरगावची हाडं ज्यांत निघाली त्याच थरांतल्या, लेंड्यांतून मांडले गेले. आज या दोन जिल्ह्यांत जिकडेतिकडे धानाच्या बांध्या आहेत, आणि त्या धानाची दूरची भावकी इथल्या डायनासोरांच्या पोटात गेलेली आहे. पण पाहा, तिथेही शोध लागला तो ओबडधोबड, कुणी काचेच्या कपाटात ठेवणार नाही अशा वस्तूतून.

वनपाल : म्हणजे तुम्हाला डोंगरगावसारखा सांगाडा नको?

प्राध्यापिका : हवा तर. इसिसॉरसचा तो सांगाडा सोहनलाल जैन यांनी १९८०च्या दशकात डोंगरगावला काढला, १९९७ साली शाश्वती बंद्योपाध्याय यांच्याबरोबर त्याचं वर्णन केलं, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला आजचं नाव मिळालं. भारतातल्या टायटॅनोसॉरांमध्ये इतका भरपूर सांगाडा दुर्मीळ आहे, त्याच्यावाचून ही जात कशी दिसायची तेच कळलं नसतं. पण त्याच्या वयाचं उत्तर कितीही बिनचूक काढलं, तरी ते एका जनावराच्या मरणाचं वय असेल. साधारण वय हे गर्दीचं असतं. त्यासाठी लहान, मध्यम, मोठी अशी एकाच जातीची पुष्कळ हाडं लागतात, तुटकी चालतील. पोकळीने खाल्लेल्या रेघा भरून काढायलाही तीच लागतात, मघाशी म्हटलं ते हेच.

वनपाल : समजा नांगराला बरगडीचा हातभर तुकडा लागला. शेतकरी तो बांधावर टाकतो, कुणी हौशी माणूस उचलून घरी नेतो, शाळेच्या कपाटात नाव-गाव नसलेला दगड म्हणून पडून राहतो. यातून तुमचं काय काम होणार?

प्राध्यापिका : बांधावर टाकला तरी काही काम होतं, कपाटात गेला की संपलं. मला चार गोष्टी हव्यात. कोणतं शेत, किती खोल, लाल मातीतून निघाला की हिरवट गाळातून, आणि शेजारी आणखी काय होतं. तुकडा घासून चकचकीत करू नये, सिमेंटने जोडू नये, जागेवरच फोटो काढावा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवावं. मणक्याकडचं जाड टोक असेल तर ते मोडू देऊ नये, वयाच्या रेघा तिथेच उरलेल्या असतात. आणि पेन्सिलीएवढी जाड बरगडी सापडली तर ‘कुठल्यातरी लहान जनावराची असेल’ म्हणून फेकून देऊ नये. ती पहिल्या वर्षी मेलेल्या पिल्लाची असू शकते, आणि मोठ्या मांडीच्या हाडांच्या मानाने पिल्लांची हाडं आमच्याकडे फारच थोडी आहेत.

वनपाल : आणि अशा किती लागतील?

प्राध्यापिका : मायासॉराला पन्नास नडग्या लागल्या, आणि त्याही एका जागच्या, एका थरातल्या. वेगवेगळ्या गावांतून गोळा केलेल्या, थर ठाऊक नसलेल्या पाचशे बरगड्या दिल्यात तरी त्या पन्नासांची बरोबरी होणार नाही.